अभ्यासिकेतला कॉम्प्युटर, साहेबांचा फोटो

आमच्याकडे कॉम्प्युटरच्या प्रत्येक दुखण्यावर एकच औषध आहे, फॉरमॅट मारा. स्लो झाला, फॉरमॅट मारा. आवाज येत नाही, फॉरमॅट मारा. मारणारा कधी विचारत नाही की आत काय आहे, कारण आत जे असतं ते त्याचं नसतं. आमच्या अभ्यासिकेतल्या कॉम्प्युटरमध्ये जे होतं ते माझं होतं, आणि ते आठवलं की अजून माझं डोकं सटकतं.

त्या वर्षी मी सरकारी लिपिकाच्या परीक्षेत लेखी पास झाले होते. कितव्या खेपेला ते विचारू नका. राहिली होती फक्त मराठी टायपिंगची चाचणी, आणि तीही शेवटचीच संधी, कारण पुढच्या जाहिरातीला मी वयात बसणार नव्हते. दादरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लघवीच्या बाटल्यांवर नावं चिकटवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. ही नोकरी लागली तर सुटणार होते, नाहीतर बाटल्या आहेतच.

टायपिंग मी परळच्या एका क्लासात शिकले होते. पण त्याला जमाना झाला, हात पार गंजलेला. क्लासात जाऊन बघितलं तर तिथे आता मोमोज मिळतात. घरी कॉम्प्युटर नव्हता. घोडपदेवच्या आमच्या खोलीत आई, भाऊ, वहिनी, त्यांची मुलगी आणि मी. टेबल ठेवायचं म्हटलं तर कुणाला तरी गॅलरीत झोपायला पाठवावं लागलं असतं.

खाली मंडळाची अभ्यासिका आहे. तिच्या कोपऱ्यात एक कॉम्प्युटर प्लास्टिकखाली पडून होता. कुठल्याशा बँकेने नवे घेतले तेव्हा जुना आम्हाला दान केलेला. त्याच्यावर वर्गणीच्या पावतीपुस्तकांचा गठ्ठा ठेवायची सोय झाली होती. मी सेक्रेटरीला विचारलं. सेक्रेटरी म्हणजे आमच्याच मजल्यावरचा, सगळे त्याला दादा म्हणतात, मीही. माणूस वाईट नाही. माझे बाबा गेले तेव्हा हॉस्पिटलपासून स्मशानापर्यंत सगळी धावपळ त्यानेच केली होती. हे आधीच सांगून ठेवते.

"तो मेलाय गं," दादा म्हणाला. "चालू होतो, पण चालत नाही. तुला काय करायचं ते कर. लाव वाट."

खरंच चालत नव्हता. बटण दाबून चहा करून, पिऊन, कप धुऊन यावं तरी स्क्रीनवर गोल फिरतंच असायचं. मग मोबाइलवर व्हिडिओ बघितले. एकजण सांगत होता, जुन्या मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स टाका, हलकं आहे, फुकट आहे, शेंबडं पोरही टाकेल. शेंबडं पोर म्हणे! मी जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या कॉम्प्युटरवर, एका हातात पोळीभाजी धरून, लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार केला आणि संध्याकाळी अभ्यासिकेत जाऊन बसले.

पहिल्याच पायरीला अडले. स्क्रीनवर सगळं इतकं मोठं दिसत होतं की 'पुढे' नावाचं बटण स्क्रीनच्या खाली कुठेतरी गायब. दिसतच नाही तर दाबणार काय, कपाळ? दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी कुणाच्या तरी एका ओळीत उत्तर सापडलं, ऑल्टचं बटण दाबून धरायचं आणि ती खिडकी माउसने वर ओढायची. ओढली. बटण दिसलं. मी एकटीच "आलं, आलं!" म्हणून ओरडले तर बाकावर अभ्यास करणाऱ्या मुली दचकून बघायला लागल्या.

मग पासवर्ड. लिनक्समध्ये एक काळी खिडकी असते, तिच्यात हुकूम लिहायचे. हुकूम लिहिला की ती पासवर्ड मागते. मी टाकतेय, टाकतेय, काही उमटतच नाही. ठिपके नाहीत, फुल्या नाहीत, ढिम्म. मला वाटलं कीबोर्ड गेला. उलटा करून झटकला, पूजेला वापरतात तसला कापूस घेऊन कळा पुसल्या, शेवटी लॅबमधून दुसरा मागून आणला. तोही ढिम्म. मग कळलं की ती खिडकी मुद्दामच काही दाखवत नाही. न दिसता टाकायचा आणि एंटर मारायचा. च्यायला, मग तसं सांगा ना बाबांनो! एक ओळ लिहायला काय जात होतं?

सगळ्यात मोठी गोची मराठीची. लिनक्सने मराठी कीबोर्ड दिला, पण तो वेगळाच. क्लासात मी टाईपरायटरच्या जुन्या पद्धतीने शिकलेले, माझी बोटं त्या जागा ओळखतात. इथे एक दाबावं तर भलतंच उमटे. परीक्षेत जुनी पद्धत चालणार होती, तेव्हा मला तीच हवी होती. इंटरनेटवरच्या लिनक्सवाल्या मंडळींच्या एका कट्ट्यावर मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. उत्तर आलं, हा प्रश्न शंभरदा विचारून झालाय, आधी शोधा मग विचारा. अरे शहाण्या, शोधून मिळालं असतं तर तुझ्या दारात कशाला आले असते? पण राग गिळला आणि शोधत राहिले. एके दिवशी जुनी पद्धत सापडली, एक पुरवणी बसवायची होती, बस्स. बसवली, मशीन बंद करून चालू केलं, डोळे मिटले आणि बोटं ठेवली. डोळे उघडले तर समोर बाबांचं नाव, काना-मात्रेसकट बरोबर. मला रडू फुटलं. लाज वाटायचं कारण नाही, फुटलं.

त्यानंतर तो डबा मी माझ्या मनासारखा सजवला. मेनू मराठीत केला. नको ती चिन्हं काढून टाकली. चालू केल्या केल्या सरावाचा उतारा समोर यावा अशी व्यवस्था केली. आणि वॉलपेपर. कीबोर्डच्या कळांवर फक्त इंग्रजी अक्षरं होती, तीही निम्मी पुसलेली. म्हणून मी स्वतः मराठी कळांचा तक्ता काढला, कुठलं बोट कुठल्या कळेवर ते रंगाने दाखवलं, आणि तोच स्क्रीनभर लावला. अडलं की नजर तिथे जायची. हळूहळू ती जायची बंद झाली. वेग वाढत गेला, परीक्षेला लागतो त्याच्या पुढे गेला. बाकावरच्या मुलीही माझ्यानंतर बसून शिकायला लागल्या.

"डोळे फुटतले तुझे त्या डबड्यात बघून," आई म्हणायची. पण शेजारच्या काकूंना सांगायची, "आमचा चेडू सरकारात लागतला आता."

पालिकेच्या निवडणुका कधी लागायच्या त्या लागोत, आमच्या वॉर्डातल्या एका साहेबांनी बॅनर लावायला आधीच सुरुवात केली होती. दादा धावत आला. "अगं, कमाल केलीस तू! साहेबांच्या हस्ते संगणक कक्षाचं उद्घाटन करतोय रविवारी." एका डब्याचा कक्ष. बरं, करा. "फक्त एक कर. हे मागे काय ते रंगीबेरंगी आहे ना, ते काढ आणि साहेबांचा फोटो टाक."

"दादा, तो तक्ता आहे. मी त्याच्यावर शिकतेय. साहेबांना भिंतीवर लाव की, भिंत केवढी मोठी आहे!"

"भिंतीवर आहेतच गं. स्क्रीनवर नको का?"

मी वाद घातला नाही. कॉम्प्युटरमध्ये मंडळाच्या नावाचं वेगळं लॉगिन, म्हणजे वेगळा दरवाजा केला. त्यातून आत गेलं की साहेब हात जोडून उभे, माझ्या दरवाजातून गेलं की माझा तक्ता. दोघांचंही भागलं. स्वतःवर खूश होते मी त्या दिवशी, खोटं कशाला बोलू. वर दादाला बजावलं, "साहेबांना काही दाखवायचं असेल तर एक दिवस आधी आणून दे. मी चालवून बघते." तो म्हणाला, "साहेब कशाला काय आणतायत!"

रविवारी नारळ फुटला, फीत कापली. बॅनरवर साहेब, साहेबांच्या मिसेस, दादा, मंडळाची झाडून सगळी पोरं. मी नव्हते. तेही एक वेळ चाललं असतं. साहेबांनी बटण दाबलं, त्यांचाच फोटो आला, टाळ्या पडल्या. एवढ्यावर थांबायचं ना? साहेबांच्या माणसाने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. साहेबांच्या कार्याचा व्हिडिओ. तो लागेना. स्क्रीनवर इंग्रजीत आलं की अमुक एक गोष्ट बसवलेली नाही. ती बसवायला पाच मिनिटं इंटरनेट लागलं असतं, आणि त्या गर्दीत माझ्या मोबाइलला रेंज नव्हती. मी सांगायला पुढे झाले.

"काय टाकलंय यात?" साहेबांच्या माणसाने विचारलं.

"लिनक्स," मी म्हटलं.

"हां, मग बरोबर," तो हसला. लोकही हसले. का हसले देव जाणे. दादाचा चेहरा उतरला होता. साहेब म्हणाले, "ताई, मुलांसाठी करतोय आपण, नीट करा जरा." ताई म्हणे. 

सोमवारी लॅबमधून आले आणि कॉम्प्युटर चालू केला. माझा दरवाजा नव्हता. मंडळाचाही नव्हता. विंडोज, तेही चोरीचं, कोपऱ्यात तसं लिहूनच येत होतं. मराठी नाही, सरावाचे उतारे नाहीत, तक्ता नाही. साहेब तेवढे होते, हात जोडून, आणि त्यांच्यावर ते पहिल्यासारखं गोल फिरत होतं. पुढे जायला पासवर्ड मागत होता. 

दादाकडे गेले. "साहेबांचा माणूस दुपारी येऊन करून गेला," तो म्हणाला. "पासवर्ड टाकलाय, पोरं बिघडवतात म्हणून."

"दादा, परीक्षा तोंडावर आलीय. मला माझं परत टाकू दे. नंतर मीच साहेबांचं बसवून देते."

"अगं, आता लगेच काढलं तर साहेबांना काय वाटेल? मी पासवर्ड घेतो त्याच्याकडून. उद्या."

त्या माणसाने फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दादा रोज "आज बोलतो" म्हणायचा, आणि खरंच बोलायला जायचा, पण साहेबांच्या ऑफिसात पासवर्डपेक्षा मोठी कामं असायची. लॅबमधल्या कॉम्प्युटरवर सराव करू का असं मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला, पेशंट समोर असताना टायपिंग शिकणार का? मग मी बुटांच्या खोक्याच्या झाकणावर कळा आखल्या आणि ओट्यावर ठेवून बोटं चालवायला लागले. आई बघत होती. "ह्याच्यातून काय येतला गो?" तिने विचारलं. कुत्सितपणे नाही, काळजीनेच. काहीच येत नव्हतं. पुठ्ठ्यावर चूक झालेली दिसत नाही, म्हणून सुधारत नाही, एवढं मला तेव्हा कळलं.

परीक्षेच्या हॉलमध्ये वेग आला. चुकाही आल्या. बोटं जागा ओळखत होती, पण घाईत शेजारच्या कळेवर पडत होती, आणि पडली की मला धडकी भरायची, आणि मग पुढची दोन पडायची. बाहेर आले तेव्हाच मला माहीत होतं. यादी लागली, माझा नंबर नव्हता. आईने ताट वाढलं. मी जेवले आणि दुसऱ्या दिवशी बाटल्यांवर नावं चिकटवायला गेले.

त्या आठवड्यात दादा जिन्यात भेटला. दूध घेऊन वर येत होता. थांबला, चेहरा बघूनच त्याला कळलं.

"नाही झालं का गं?"

"नाही."

त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, बाबा गेले त्या दिवशी ठेवला होता तसाच. "एवढं जवळ आलं होतं तुझं," तो म्हणाला. "पण शेवटी शेवटी तू सरावच सोडलास. मी रोज बघत होतो, अभ्यासिकेत फिरकलीसुद्धा नाहीस."

त्याचे डोळे भरून आले होते. खोटं नव्हतं ते, त्याला खरंच तसं वाटत होतं.