फक्कीने आखलेली खोली

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले, त्याच आठवड्यातल्या रविवारी सकाळी सासऱ्यांनी मला परसात हाक मारली. त्यांच्या हातात चुन्याच्या फक्कीची पाटी होती आणि जमिनीवर पांढऱ्या रेघांचा मोठा चौकोन ओढलेला होता. मी चहाचा कप घेऊन सरळ त्यांच्यापाशी गेले, तर म्हणाले, "अगं शालन, भिंतीतनं आलीस की. दार हिकडं हाय." मी गोंधळून मागे सरले, रेघेत सोडलेल्या मोकळ्या जागेतून पुन्हा आत गेले आणि कप त्यांच्या हातात दिला. "ही तुमची खोली," ते समाधानाने म्हणाले. "बारा बाय चौदा. वर स्लॅब. हवेला दोन खिडक्या. दर जरा पडू दे, मग लावूया काम."

या 'दर पडू दे'ने पुढची चार वर्षं मला पुरतं दमवलं. मामंजींना जाऊन आता बराच काळ लोटला, पण कुणी बांधकामाची गोष्ट काढली की मला आधी शीण येतो आणि मग मामंजी आठवतात.

शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडत दुकानात ते दिवाणजी होते. दिवाळीच्या सुमाराला नव्या गुळाच्या गाड्या येऊ लागल्या की दर खाली यायचा, आवक आटली की वर चढायचा. ऐन जवानीपासून त्यांनी हेच पाहिलं होतं. त्यामुळे कुठलीही महाग वस्तू थोडं थांबलं की स्वस्त होते, यावर त्यांचा ठाम विश्वास बसला होता. विटांचा हंगाम असतो, वाळूचा असतो, तसा लोखंडाचाही असणारच. "आवक हू दे की, आपोआप खाली येतंय," असं ते इतक्या शांतपणे सांगायचे की समोरच्याला आपणच उतावळे आहोत असं वाटायला लागायचं. एकदा माझी दाढ ठणकत होती आणि दाताचा डॉक्टर फार पैसे सांगतो असं मी म्हणाले, तर मामंजी गंभीरपणे म्हणाले, "पावसाळ्यात त्याच्याकडं गिऱ्हाईक कमी असतंय. तवा काढू." मी हसले नाही, कारण दाढ खरोखरच दुखत होती.

मंगळवार पेठेतलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत मामंजी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मधल्या खोलीत दोरीवर जुनं लुगडं टाकून त्याच्या आड आम्ही दोघं. नळ आणि न्हाणी परसात. तिकडे जायचं तर मधल्या खोलीतूनच वाट. पण मी घरात आल्यापासून मामंजींनी ती वाट सोडून दिली. पहाटे उठून ते पुढच्या दाराने बाहेर पडायचे आणि शेजारच्या बोळातून वळसा घालून परसात यायचे. पावसात छत्री घेऊन, थंडीत कानाला मफलर गुंडाळून. त्याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत. असा माणूस खोली बांधायची टाळाटाळ करतोय असं तरी कुठल्या तोंडाने म्हणायचं?

आणि तशी ती टाळाटाळ नव्हतीच. रविवार आला की ते वीटभट्टीवर जायचे, वाळूवाल्याला गाठायचे, लोखंडाच्या दुकानात तासभर बसून यायचे. रात्री जेवताना सगळा अंदाज तोंडी मांडायचे. पाया इतका, भिंती इतक्या, मजुरी इतकी. शेवटी बेरीज ठरलेल्या रकमेच्या वर गेली की भाकरी मोडता मोडता थांबायचे. लग्नाआधीच त्यांनी खोलीसाठी एक रक्कम मनाशी पक्की केली होती. "आकडा हलायचा न्हाय," हे त्यांचं दुसरं ब्रीद. आकडा हलत नसल्यामुळे खोली हलायची. दुसऱ्या वर्षी ती दहा बाय बारा झाली आणि स्लॅबच्या जागी मंगलोरी कौलं आली. तिसऱ्या वर्षी एक खिडकी गेली आणि कौलांचे पत्रे झाले. पावसाने फक्की धुऊन जायची, दसऱ्यानंतर मामंजी ती नव्याने ओढायचे, आणि दर वेळी चौकोन थोडा आत सरकलेला असायचा. मी दोरीवर कपडे वाळत घालताना पाहायची. आपला संसार असा फूट-फूट आटताना बघणं सोपं नव्हतं.

सिमेंटची कथा तर सांगण्यासारखी आहे. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. मामंजींनी कचेरीत खेटे घालून परमिट काढलं, पोती घरात आली, पुढच्या खोलीत रचली गेली. आता काम लागणार म्हणून गणपा गवंडी ओळंबा घेऊन हजर झाला. मामंजींनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "विटा जरा चढल्यात गणपा. संक्रांत हू दे."

"दिवाणजी, सिमीट थांबतंय व्हय संक्रांतीला?" गणपा म्हणाला. "हवा खाल्ली तर दगूड हुतंय त्याचा."

"गूळ ऱ्हातोय की वरीसभर," मामंजी म्हणाले.

संक्रांत गेली, पाडवा गेला, विटा काही उतरल्या नाहीत. जूनची दमट हवा सुरू झाली आणि पोत्यांचे धोंडे झाले. मामंजी त्यांच्यावर हात फिरवत बराच वेळ उभे होते. त्यांचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी संतापही आला. आत्याबाई मात्र चिडल्या नाहीत. त्यांनी त्यातला एक धोंडा गणपाकडून नळापाशी बसवून घेतला. "खोली न्हाय तर न्हाय, धुणं आपटायला तरी सोय झाली," एवढंच त्या बोलल्या आणि पदर खोचून कामाला लागल्या.

आमचे हे नोकरीला वारणानगरच्या साखर कारखान्यात होते. रोज एस.टी.ने जाणं-येणं. गळीत हंगामात पाळ्या बदलायच्या, तेव्हा घरी आलेला माणूस जेवायच्या आधीच भिंतीला टेकून झोपलेला असायचा. वसाहतीतलं क्वार्टर ह्यांना दोनदा देऊ केलं होतं आणि ह्यांनी दोनदा नको म्हणून सांगितलं होतं. कारण एकच, आबा खोली बांधतायत. मग आमची मुलगी झाली. ती रात्री रडली की पलीकडे मामंजी उठून बसायचे, आणि मी तिला गप्प करता करता स्वतःच रडकुंडीला यायची. तिसऱ्यांदा क्वार्टरचं विचारलं तेव्हा साहेबांनी स्पष्ट सांगितलं, आता नाही म्हणालात तर पुन्हा नाव लागणार नाही.

त्या संध्याकाळी हे मामंजींच्या समोर बसले. क्वार्टरचं सगळं सांगितलं. "आबा, मला जायचं नाही," हे म्हणाले. "पण निदान पाया तरी काढूया. या महिन्यात. कमी पडतील ते मी घालतो."

मी दाराआड मुलीला घेऊन उभी होते. मामंजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांनी नुसतं 'बरं' म्हटलं असतं तरी आम्ही आणखी दोन वर्षं त्या लुगड्याआड काढली असती. ते म्हणाले, "लोखंड लई चढलंय रं वसंता. जरा थांबूया की."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी क्वार्टर घेतलं. सामान भरायच्या दिवशी मामंजी दुकानात गेले नाहीत. ट्रंका, पाळणा, भांड्यांचं पोतं त्यांनी स्वतः टेम्पोत लावलं, दोर आवळला, गाठ दोनदा ओढून पाहिली. "खोल्या किती हायत?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, दोन आणि स्वयंपाकघर. "खिडक्या?" प्रत्येक खोलीला आहे, मी म्हणाले. "मग ब्येस हाय," म्हणून ते वळले, आणि टेम्पो सुटला तेव्हा परसात होते. निरोप द्यायला एकट्या आत्याबाई उभ्या होत्या.

दुसऱ्या वर्षी गणपतीनंतर आत्याबाई आमच्याकडे आल्या त्या काळजीतच. "म्हाताऱ्याचं काय खरं न्हाय," त्या म्हणाल्या. "विटांचा ट्रक दारात आला, ह्यांनी दर न इचारता उतरून घेतला. लोखंडवाल्यानं सांगितलं ते दिलं. गणपाच म्हनाला, दिवाणजी, जरा घासाघीस करा की. तर त्याच्यावरच वराडलं."

दिवाळीला आम्ही गेलो. खोली उभी होती. बारा बाय चौदा, वर स्लॅब, दोन खिडक्या, ओल्या चुन्याचा वास. मामंजी मुलीचं बोट धरून तिला दार उघडून दाखवत होते. ह्यांचे डोळे भरून आले. माझे नाही आले. मला आनंद व्हायला हवा होता, पण डोक्यात तिडीक गेली. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "मामंजी, हेच आम्ही असताना केलं असतं तर? तेव्हा तर सगळं स्वस्तही होतं."

त्यांना राग आला नाही. मी चुकीचं काही विचारलंय असंही त्यांना वाटलेलं दिसलं नाही. ते खिडकीच्या गजाला हात लावून उभे राहिले.

"तवा तुम्ही घरातच हुतासा की," ते म्हणाले. "मग मला कशाची घाई वाटनार?"

आत्याबाईंनी आतून फराळाला हाक मारली, तरी आम्ही दोघं तिथेच उभे होतो. मग त्यांनी हळूच विचारलं, "ऱ्हाशीला न्हवं चार दिस?"

ह्यांची रजा दुसऱ्या दिवशी संपत होती. हे एकटेच परत गेले. मुलीला घेऊन मी त्या खोलीत तुळशीच्या लग्नापर्यंत राहिले.