हिरवी घोरपड

कल्याणला मासे, ससे, पोपट विकण्याच्या दुकानात माझा मोठा भाऊ कामाला होता. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. शेपूट तुटल्यामुळे कुणीच घेत नसलेला एक इग्वाना, म्हणजे हिरवा मोठा सरडाच, त्याने आमच्या वैशाखरे गावातल्या घरी आणला. हा लांबच्या देशातला, निव्वळ पाला खाणारा प्राणी आहे, असं तो गावभर सांगत सुटला. गावाने सगळं ऐकून घेतलं आणि त्याला हिरवी घोरपड म्हणायला सुरुवात केली.

आई तेव्हा एका तापानंतर कमरेखाली लुळी पडली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. पायांना चिमटा काढला तरी तिला कळत नसे. दिवसभर आढ्याकडे बघत पडून राहायची, ताट पुढे केलं की तोंड फिरवायची. भावाने ते जनावर तिच्याच हाती सोपवलं. आयुष्यात त्याने केलेली ही एक शहाणपणाची गोष्ट.

इग्वानाला सकाळचं ऊन हवं, म्हणून त्याची जागा खिडकीलगत आईच्या खाटेवर. शेवग्याचा पाला, भोपळ्याचे तुकडे, जास्वंदीचं फूल ती हाताने भरवायची. अंडं-मटण बंद, त्याने त्याचं मूत्रपिंड खराब होतं. अंग गार पडलं तर त्याला खाल्लेलं पचत नाही, म्हणून थंडीत टोपलीवर बल्ब. लाइट गेली की आई त्याला गोधडीत पोटाशी घ्यायची. तो नर आहे असं भावाने चारदा सांगितलं, तरी ती आपली ‘ये गो बाय’ म्हणूनच हाक मारायची. त्याला भरवता भरवता तीही दोन घास खायला लागली. आमच्या घरात तेवढंच काय ते बरं चाललं होतं.

मामा, आईचा धाकटा भाऊ, डोळखांबकडच्या पाड्यावरून यायचा आणि तिच्या पायाशी बसून राहायचा. आमच्याकडे कुणाचे पाय गेले की घोरपडीचं तेल चोळतात. पण घोरपड मारली तर जंगलखात्याचे लोक धरून नेतात. ही तर परदेशी, हिला कोण विचारतो? मामाने बाबांना पटवलं. बाबाही आईचं करून करून थकले होते.

मी मुरबाडला शिवणक्लासला गेले होते. आंघोळ घालतो म्हणत मामाने घोरपडीला आईच्या खाटेवरून उचललं. थोड्या वेळाने आत येऊन आईला सांगितलं, झाडावर चढून पळाली.

मी परतले तेव्हा मागच्या दारी हिरवं कातडं पडलं होतं आणि मामा तिळाच्या तेलात चरबी कढवत होता. आई आत असल्यामुळे आवाज चढवता येईना. दबक्या आवाजात मी त्याला नाही नाही ते बोलले. ती घोरपड नव्हतीच, हेही सांगितलं. तो मान खाली घालून ढवळत राहिला. “ताय उभी राहिली का मंग बोल,” एवढंच म्हणाला. त्याचा राग अजून माझ्या पोटात आहे.

तो गेल्यावर आईने विचारलं, “खरा सांग, ती कुठं हाय?”

मला खोटं बोलवेना. जे पाहिलं ते सांगितलं. मग आई म्हणाली, “मला ठाव हाय, असा मामाला सांगू नको. त्याला वाटला, मी उठन.”

मामा बाटली घेऊन येऊ लागला. दोन्ही हातांनी तिचे पाय चोळायचा. पायांना स्पर्श कळत नव्हता, पण तेलाचा वास तिला येत होता. उलटी दाबत ती पदर नाकाला लावायची, पण त्याला थांब म्हणाली नाही. पुढच्याच वर्षी ती गेली.

“ताय, काय फरक?” तेल चोळताना मामा दर वेळी विचारायचा.

“हाय रे,” आई म्हणायची, “जरा हाय.”