गमबूटवाले काका

त्यांचं नाव मला माहीत नाही. आमच्या स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर १०मध्ये, रोज सकाळी ते माझ्या फाटकासमोरून कुत्र्याला फिरवायला नेतात, आणि आज काय घातलंय ते पाहायला मी हातातला चहा सोडून धावते. काल गार वारा होता, तर कानटोपी आणि मफलर. आज नुसतं आभाळ आलं, तर प्लांटमधला जुना रेनकोट आणि गमबूट!

"काका, एवढी तयारी कावून?"

"मले सर्दी व्हायले नाही पायजे ना! निघताना कोणी शिंकलं का थांबायचं, हे आमच्या हिनं या कुत्र्याले शिकवून ठेवलं."

मी खो खो हसले, आणि हसता हसता शिंकले.

कुत्रा भर रस्त्यात बसला.

काकांनी कपाळावर हात मारला. "झालं! पाच मिनिटं शटडाऊन!"

आणि गमबूट पसरून तेही त्याच्याशेजारी बसले.