आईनं सोडलेलं येसर

माझ्या ब्लॉगवरचा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख आता तिथं नाही. मी काढून टाकला. अजून कोणीतरी विचारतं, ताई तो येसराचा लेख दिसत नाही, लिंक पाठवा. मी उत्तर देत नाही.

लग्न मोडून मी हट्टा गावी माहेरी आले तेव्हा घरात आई एकटीच होती. वडील आम्ही लहान असतानाच गेले. मला नोकरी नव्हती आणि गावात जो भेटेल तो सासरी परत जाण्याचा सल्ला फुकट देत होता. आईच्या हातात मात्र एक कसब होतं. पंचक्रोशीत कुठंही लग्न निघालं की येसर करायला तिला बोलावणं यायचं. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, मिरच्या, सगळं वेगवेगळं भाजायचं, एकत्र दळायचं. ते पीठ पाण्यात कालवून फोडणीला टाकलं की लग्नाची आमटी. भाजण्यात चूक झाली तर आमटी कडवट होते आणि पंगतीत नावं ठेवतात. आईला कधी कुणी ठेवली नाहीत.

तेच येसर पाकिटात भरून विकायचं मी ठरवलं. मोबाइलवरून ऑनलाइन दुकान उघडलं, त्यात हळद आणि कुरडयाही ठेवल्या. महिनाभर कुणी फिरकलं नाही. मग हिंगोलीला बायकांसाठी एक शिबिर होतं, तिथल्या सरांनी सांगितलं की नुसतं दुकान मांडून भागत नाही, ब्लॉग लिहा आणि खाली दुकानाची लिंक द्या. वस्तू दाखवू नका, वस्तूमागचं माणूस दाखवा. सासरच्या विषयाखेरीज कुणी काही सांगितलं याचंच मला अप्रूप वाटलं असेल, मी ते फारच मनावर घेतलं.

दर आठवड्याला एक लेख लिहायची. आधी आईला वाचून दाखवायची, कारण तिला एसटीची पाटी वाचण्यापुरतीच अक्षरं येतात. ती सूप बाजूला ठेवून ऐकायची आणि चुका काढायची. ज्वारी आधी भाजली असं मी लिहिलं होतं, तर म्हणाली, आधी गहू, लोकाला खोटं सांगू नको. कुणी अभिप्रायात ‘आईंना नमस्कार सांगा’ असं लिहिलं की ती पदर सावरायची, जणू माणूस दारातच उभं आहे.

एक गोष्ट मात्र मी कधी लिहिली नव्हती. आई येसर करते, पण खात नाही. मीठ-तिखट बघायलासुद्धा जिभेवर ठेवत नाही, लग्नघरी दुसऱ्या बाईला चाखायला लावते. माझी धाकटी बहीण गेली तेव्हापासून तिच्या नावानं आईनं येसर सोडलंय. आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या आवडीचं असं सोडतात. कुणी आंबा सोडतं, कुणी चहा. बहिणीला येसराची आमटी फार आवडायची. भात नको, भाकर नको, नुसती वाटी तोंडाला लावायची.

ती सात वर्षांची होती, मी अकरा. तिला दोन दिवस ताप होता, पण सकाळी उतरल्यासारखा वाटला, म्हणून आई शेजारच्या गावी लग्नघरी येसर करायला गेली. शब्द दिलेला होता. मला सांगून गेली की हिच्याजवळ बस, चढला तर बाजूच्या घरातल्या काकूला हाक मार. चढला. दुपारून काकूनंच येऊन पाहिलं, जीप बोलावली, पण दवाखाना यायच्या आधीच सगळं आटोपलं. आई दिवेलागणीला परतली तेव्हा तिच्या हाताला अजून धन्याचा वास होता.

पुढं बावीस-तेवीस वर्षांनी, ब्लॉग ओस पडलेला असताना, मी ते सगळं लिहून काढलं. करणारी पण न खाणारी आई. लेख चांगला जमत होता, हे लिहितानाच कळत होतं, आणि त्याची आज मला किळस येते. शेवट काही जमेना. तेव्हा मी एक वाक्य घातलं. तापानं फणफणलेली बहीण मला म्हणाली, माय कवा येईल, मला येसराची आमटी पाहिजे. असं काही घडलं नव्हतं. मी ते बसवलं, कुरडईला आकार द्यावा तसं. खाली लिंक दिली, ‘आईच्या हातचं येसर मागवण्यासाठी इथं दाबा.’

तो लेख मी आईला वाचून दाखवला नाही. दोन दिवसांत घरातली सगळी पाकिटं संपली. आई खुश झाली, म्हणाली, आता तुझं बस्तान बसलं बाई. मी मान खाली घालून पत्ते चिकटवत राहिले.

पाकिटावर नंबर आईचा होता. सासरच्यांच्या फोनांमुळं मी माझा सारखा बदलत असे. एका सकाळी आई अंगणात धने निवडत होती आणि पुण्याच्या एका बाईंचा फोन आला. स्पीकर चालू होता, त्या रडत होत्या. म्हणाल्या, तुमच्या लेकीनं शेवटी तुमच्या हातची आमटी मागितली हे वाचलं, काल मी तिच्या नावानं एक वाटी बाजूला ठेवली. बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. आई ‘बरं, बरं’ म्हणाली आणि फोन सुपातच ठेवला.

मग मला म्हणाली, वाच. मी वाचलं. मधली वाक्यं गाळायचा विचार आला होता, पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

‘‘मागत व्हती का ती?’’ तिनं विचारलं. ‘‘अन् मी लोकाच्या घरी येसर करून राहिले व्हते. इतके वर्स मला सांगितलं काहून न्हाई?’’

मी सांगितलं की ते खोटं आहे, लेखासाठी घातलंय, लोकांना असंच आवडतं. शपथ घेतली. तिनं ऐकून घेतलं.

‘‘मंग काय म्हणली व्हती?’’

मी तिथं नव्हतेच. आईची पाठ वळल्यावर थोडा वेळ बसले, बहिणीचा डोळा लागला आणि मी ओट्यावर मैत्रिणींबरोबर सागरगोटे खेळायला गेले. काकू आली तेव्हा मी ओट्यावरच होते. बहिणीनं पाणी मागितलं, आईला हाक मारली, मला मारली, की काहीच नाही, ते मला माहीत नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आई उत्तराची वाट बघत होती. माझं गप्प बसणं तिनं तिच्या परीनं समजून घेतलं.

‘‘राहू दे,’’ ती म्हणाली. ‘‘मला बरं वाटावं म्हणून आता न्हाई म्हणून राहिली तू.’’

त्याच दिवशी मी लेख काढला. आईनं येसर करणं थांबवलं. लग्नाची बोलावणी आली की गुडघे दुखतात म्हणते. दुकानात आता हळद आणि कुरडया आहेत आणि ब्लॉगवर मी फक्त हळद कशी शिजवतात, कशी वाळवतात तेवढंच लिहिते. एकही शब्द जास्तीचा घालत नाही.

यंदा पित्रपंधरवड्यात तिनं अचानक जातं धुतलं. लहान लेकराचं पान कुणी वाढत नाही असं काकू म्हणाली, आईनं लक्ष दिलं नाही. गहू, ज्वारी, डाळ, सगळं एकटीनं भाजलं. आमटीला उकळी आल्यावर पळीत घेऊन निववली आणि थोडी माझ्या तळहातावर घातली. मी चाखली. मीठ बराबर होतं, तिखट थोडं कमी, लहान मुलाला सोसेल इतकं. मी तसं सांगितलं.

ती वाटी भरू लागली. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, ‘‘अजून काय म्हणली व्हती गं ती?’’

ओट्याबद्दल सांगायचं तर हीच वेळ होती. तोंडापर्यंत आलंही होतं.

‘‘दुसऱ्या कुणाच्या हातची नको म्हणली,’’ मी म्हणाले. ‘‘मायच्याच हातची पाहिजे म्हणली.’’

आईनं मान हलवली आणि वाटीत आणखी एक पळी वाढली.