आधी बोटं, मग सतार
तुळजापुरात वाद्यं दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते. निजामाचं राज्य गेलं, तरी दुकानावरची उर्दू पाटी त्यांनी काढली नव्हती. "पाटीनं काय वाकडं केलंय?" म्हणायचे. सतारीआधी ते वाजवणाऱ्याची बोटं बघत.

लांबलेल्या तापानं आक्काच्या बोटांतला जोर गेला, तारा दाबवेनात, म्हणून आम्ही तिची सतार विकायला नेली. तिची बोटं बघून मिस्त्री आमच्यावरच तडकले, "विकता कशाला? हाताला वेळ लागंल. तवर तारा खाली घेऊ."

तारांखालच्या घोडीचे पाय त्यांनी घासले, पातळ तारा चढवल्या. स्वतः छेडून न बघता सतार आक्काच्या मांडीवर दिली.

अडखळत सूर निघाले. "बोटं दुखतात हो," आक्का म्हणाली.

मिस्त्री हसले. "दुखणारच की, बाई. वाजवणाऱ्याचीच दुखत्यात."