दगडू गेल्याची बातमी

बाबा गेले त्याला तीन आठवडे झाले होते. रविवारी सकाळी बेल वाजली. दारात नामदेवकाका, बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. मंडईत पालेभाजीचा गाळा आहे त्यांचा. हातात मेथीची जुडी. "दगडू हाय का घरी? तीन रविवार फिरकला न्हाई. म्हणलं, रुसला का काय!" मी दार धरून उभी राहिले. "काका, बाबा गेले… पेपरात नाही वाचलंत?" पेपर तर ते रोज वाचतात, निधनवार्ता सगळ्यात आधी. आमचीही वाचली होती. पण तिथे नाव 'सुहास', फोटो नाही, आणि बाबांच्या आडनावाची माणसं खडकवासल्याकडे गावोगाव. "मला काय ठावं सुहास कोन? असंल कुनी, म्हणलं, अन् पान उलटलं," म्हणाले आणि पायरीवरच बसले. नातेवाइकांना मी फोन केले होते. दोस्तांना पेपरातून कळेल असं धरून चालले. संताप आला मला, स्वतःचाच. कारण 'सुहास' हे माझंच कर्तृत्व.

अकरावीत बाई हजेरीला पूर्ण नाव घेत. 'वंदना दगडू' म्हटलं की मागच्या बाकांवरून हशा. एक दिवस घरी येऊन मी दप्तर आपटलं. "तुमच्या नावामुळे मला मान वर करता येत नाही, बाबा. बदला ते!" बाबा जेवत होते. हातातला घास तसाच ठेवून सांगू लागले… आजीची आधीची तीन मुलं पाळण्यातच गेली. चौथा झाला तेव्हा त्याला कुणाची दृष्ट लागू नये, यमालासुद्धा हा न्यावासा वाटू नये, म्हणून तिनं दगडू म्हटलं. "मला राखायला ठेवलेलं नाव हाय ते, पोरी…" "मला नाही ऐकायचं," मी म्हटलं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय! मुलांच्या नावांचं पुस्तक आणून 'सुहास' मीच शोधलं. "अर्थ काय?" "छान हसणारा." "बरं," म्हणाले. हसले मात्र नाहीत. एरवी ताप अंगावर काढून कारखान्यात जाणाऱ्या माणसानं दोन दिवस रजा टाकली, आणि नाव बदलल्याचं रीतसर सरकारी राजपत्रात छापून आणलं.

आणि मी ते नाव लावलं किती वर्षं? सहा! लग्न झालं आणि रीतीप्रमाणे माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव आलं. बाबा मात्र पुढची तीस-बत्तीस वर्षं कागदोपत्री सुहासच. दवाखान्यात 'सुहास' असा पुकारा झाला तरी हे ढिम्म बसून असायचे. मी चिडायचे, "लक्ष कुठे असतं हो तुमचं?" एकदा तरी म्हणायला हवं होतं, बाबा, पुरे झालं, परत दगडू व्हा. नाही म्हटलं. माझ्याकडे राहायला आल्यापासून, भाजी आमच्या कोपऱ्यावर मिळत असताना हा माणूस दर रविवारी दोन बस बदलून मंडईत का जातो, यावरही मी टोमणे मारत आले. तिथे त्यांना दगडू म्हणून हाक मारणारी चार माणसं होती, एवढं साधं मला कळू नये?

दुसऱ्या दिवशी निधनवार्तेचं कात्रण घेऊन पेपरच्या कचेरीत गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. "यांची बातमी येऊन गेली आहे. माणूस एकदाच जातो, बाई."

"मागच्या वेळी चुकीचा माणूस गेला," मी म्हटलं. "आता दगडू लिहा. आणि ठळक."

त्यांनी मान हलवली आणि लिहिलं.

बातमी आली त्या सकाळी बाबांचा मोबाइल वाजला. तो मी अजून चार्ज करून त्यांच्या खोलीतल्या खिडकीत ठेवते. का, ते विचारू नका. पलीकडे म्हातारा, घाबरलेला आवाज. "दगडू, आरं काय छापलंय हे पेपरात? तू हायस न्हवं?… आरं बोल की!"

ते परत परत हाक मारत राहिले.

"मी दगडूची मुलगी बोलतेय," मी म्हटलं. पन्नाशी उलटली, आणि हे वाक्य तोंडातून पहिल्यांदा निघालं.