अत्तींचं उत्तर

लग्नानंतर सहा वर्षांनी मी बाहेरून मराठीत एम.ए. करायला घेतलं. आमचं घर मुरुमच्या बाजारपेठेत; खाली बी-बियाणांचं दुकान, वर आम्ही. अभ्यासाला घरात कुणी आडवं आलं नाही. महिन्यातून एका रविवारी उमरग्याच्या अभ्यास केंद्रावर तास असायचे. आदल्या दिवशी मी सासऱ्यांना, म्हणजे मामांना, विचारायची आणि ते वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणायचे, "जा की. कोण नको म्हणतंय?" मग रविवारी नेमके पाहुणे यायचे, किंवा कुणाच्या तरी घरी बारसं निघायचं. मीच म्हणायची, राहू द्या, पुढच्या महिन्यात जाईन. कुणी नको म्हटलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं.

त्या वर्षी एका कथेवर स्वाध्याय लिहायचा होता. कथा लहानशी. एका शिक्षकाची बायको माहेरी जायला दरवर्षी पिशवी भरते आणि दरवर्षी काहीतरी काम निघतं. एके दिवशी नवरा म्हणतो, "जा, माझी परवानगी आहे." ती स्टँडवर जाते. गाडी लागलेली असते. ती चढत नाही, घरी येऊन स्वयंपाकाला लागते. कथा तिथंच संपते. प्रश्न तीन होते: कथानकाची रचना, नायिकेचा स्वभाव आणि तिचा अंतःसंघर्ष.

पहिले दोन मी एका बैठकीत उरकले. तिसऱ्यापाशी अडकले. चार दुपारी वही उघडली, 'तिच्या मनात' एवढंच लिहिलं आणि मिटली. ती का परतली ते मला फार जवळून कळत होतं. ते माझ्या अक्षरात, या घरात, कागदावर उतरवायचं धाडस होत नव्हतं.

सासूबाईंना आम्ही अत्ती म्हणतो. त्यांचं माहेर सीमेपलीकडचं. शाळा चौथीपर्यंत, तीही कानडीत. मराठी बोलतात, वाचत नाहीत. पाचव्या दुपारी गच्चीवर चिंच फोडताना त्यांनी विचारलं, "चार दिस झालं, काय लिहायलीस गं?"

मी कथा सांगितली. त्यांचा हात थांबला.

"मग? भ्याली का ती?"

"केंद्रावरचे सर म्हणतात, एकीकडं कर्तव्य, एकीकडं माहेरची ओढ. त्यात ओढाताण होते तिची."

"ओढाताण कशाची? राग आला तिला."

"कुणाचा?"

"नवऱ्याचा की. इतकी वर्षं ती समजायची, काम निघतं म्हणून जाणं होईना. परवानगी दिली तवा कळालं, सगळं त्याच्याच हातात होतं. मग असलं दिलेलं घेऊन कशाला जावं?" त्यांनी एक चिंचोका बाजूला टाकला. "पर परत आली, त्यानं तरी काय झालं? राग दाखवायला दुसरी जागाच न्हाय बाईला."

त्या दुपारी मी पाच पानं लिहिली. शब्द माझे, बोलणं अत्तींचं.

उमरग्याला सरांनी ती माझ्यासमोरच वाचली. माणूस भला होता. म्हणाले, "छान आहे हो मॅडम. पण हे कथेत कुठं लिहिलंय?"

"सर, ती रागावलेली आहे."

"असेल. पण तपासणारा नोट्स समोर ठेवून तपासतो. तुम्हाला पास व्हायचंय ना? आठवडाभरात नवीन लिहून आणा."

परतीच्या एसटीत मला एकच दिसत होतं. मी नापास झाले तर घरात कुणी रागावणार नाही. सगळे गोड आवाजात म्हणतील, होऊ दे, पुढच्या वर्षी बघू. ते मला ऐकायचं नव्हतं. घरी येऊन मी सरांच्या नोट्स समोर घेतल्या आणि उतरवलं, 'नायिका कर्तव्य व माहेरची ओढ या द्वंद्वात सापडली आहे.'

अत्तींनी विचारलं, "सर काय म्हटले माझ्या बोलण्याला?"

"छान आहे म्हणाले."

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. दुसऱ्या दिवशी शेजारणीला मोठ्यानं सांगत होत्या, "सुनेच्या परीक्षेत माझं उत्तर हाय." मी तिथंच गहू चाळत होते. मान खाली घालून चाळत राहिले.

मी पास झाले. त्या विषयात मार्कही चांगले पडले. सासऱ्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पेढा दिला. म्हणत होते, "आपण शिकू दिलं बघा सुनेला." अत्ती जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या.

संध्याकाळी चुलीपाशी त्यांनी विचारलं, "आता पुढं? मास्तरीण व्हायचं म्हणत हुतीस. त्याचा अर्ज कवा भरतीस?"

"मामांना विचारते," मी म्हणाले.

शब्द तोंडातून गेल्यावर मला ते ऐकू आले. अत्तींनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.